भाषांतरकार व्हायचे आहे, मग कादंबरी कशासाठी?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका २३ वर्षांच्या असून सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातून शिक्षणासाठी पुण्यात आल्या आहेत. वडिलांचे गावात कापडाचे दुकान आहे. फ्रेंचची बी टू, म्हणजे वरच्या मध्यम पातळीची, परीक्षा उत्तीर्ण होऊन त्या आता फ्रेंच विषयात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला शिकतात आणि भाषांतरकार होण्याचे त्यांनी ठरवले आहे. या सत्रात त्यांना एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच साहित्य, फ्रेंच वृत्तमाध्यमांचे विश्लेषण आणि व्यावसायिक लेखन असे तीन पेपर आहेत. पुढच्या सत्रात यांपैकी दोनच पुढे नेता येतील. त्यांचा कल साहित्य सोडण्याकडे आहे, कारण कादंबरीच्या एकेका पानावर वीस-पंचवीस शब्द अडतात आणि नोकरीला लागलेल्या मैत्रिणी सांगतात की कंपन्यांत कामाला येतात ती मॅन्युअले, करार आणि ईमेल. ‘मला साहित्याचा अनुवाद करायचाच नाही, मग साहित्य का शिकायचे?’ असे त्या विचारतात. शिवाय यांत्रिक भाषांतर इतके सुधारले आहे की हा व्यवसाय उरेल का, ही धास्ती आहे. एका कंपनीने फ्रेंच ग्राहकांच्या तक्रारी हाताळण्याची नोकरी देऊ केली आहे. एम.ए. सोडून ती घ्यावी का, असाही प्रश्न आहे.

उत्तर:

तुम्हाला निर्णय लवकर कळवायचा आहे, म्हणून आधी उत्तर देते आणि मग कारणे सांगते. साहित्य सोडू नका. तिन्हींपैकी एक पेपर सोडणे भागच असेल, तर माझ्या मते व्यावसायिक लेखन सोडावे. पण तो शिकवणारे प्राध्यापक दर आठवड्याला तुमचे लेखन तपासून, चुका दाखवून परत देत असतील, तर तो ठेवा आणि माध्यम विश्लेषण सोडा. वर्तमानपत्र एखाद्या मैत्रिणीसोबत वाचता येते, लिहिलेले तपासून देणारा माणूस मात्र सहज मिळत नाही. हे उत्तर तुमच्या अपेक्षेच्या उलट आहे याची मला जाणीव आहे, म्हणून ते सविस्तर मांडते.

तुमच्या पत्रामागे एक गृहीतक आहे आणि ते तुमच्या मैत्रिणींच्या बोलण्यातही दिसते. कादंबरी कादंबरीच्या अनुवादकासाठी, बातमी पत्रकारासाठी आणि करारपत्र कंपनीतल्या भाषांतरकारासाठी, अशी तुम्ही तीन विषयांची तीन व्यवसायांत वाटणी केली आहे. भाषांतराचे काम करताना मला ही वाटणी कधी दिसली नाही. समोर कोणताही मजकूर आला तरी भाषांतरकाराला तेच प्रश्न विचारावे लागतात: हे कोण बोलत आहे, कोणाशी बोलत आहे, त्यांचे नाते काय आहे आणि बोलणाऱ्याला आपल्या बोलण्याची किती खात्री आहे? तुमचे तिन्ही पेपर या एकाच प्रश्नसंचाचा वेगवेगळ्या साहित्यावर केलेला सराव आहेत.

उदाहरण म्हणून फ्रेंच शिकणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेला एक मजकूर घेते. १३ जानेवारी १८९८ रोजी पॅरिसच्या ‘लोरोर’ या दैनिकाच्या पहिल्या पानावर कादंबरीकार एमिल झोला यांचे राष्ट्राध्यक्ष फेलिक्स फोर यांना लिहिलेले अनावृत पत्र छापून आले. फ्रेंच लष्करातील कॅप्टन द्रेफुस यांच्यावरील अन्यायाविषयी ते होते: द्रेफुस यांना १८९४मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली होती आणि खरा संशयित एस्टरहाझी याला पत्राच्या दोनच दिवस आधी लष्करी न्यायालयाने निर्दोष सोडले होते. झोलांनी पत्राला साधे मथळेवजा नाव दिले होते. ‘झाक्यूझ’, म्हणजे ‘मी आरोप करतो’, हा मथळा त्या दैनिकात लिहिणारे राजकारणी क्लेमांसो यांनी दिला. हा मजकूर साहित्याच्या तासाला शिकवावा, माध्यमांच्या की व्यावसायिक लेखनाच्या? पत्राच्या शेवटच्या भागात परिच्छेदामागून परिच्छेद ‘मी आरोप करतो’ या शब्दांनी सुरू होतो आणि प्रत्येकात कोणा अधिकाऱ्याचे, तज्ज्ञांचे किंवा लष्करी यंत्रणेचे नाव आणि त्यांचे कृत्य येते. ही पुनरुक्ती कादंबरीकाराच्या हाताची आहे. मथळा, पहिले पान आणि प्रसिद्धीचा दिवस यांची निवड वृत्तपत्राची आहे. त्याच पत्रात झोला २९ जुलै १८८१च्या मुद्रण कायद्यातील अब्रुनुकसानीची ३० आणि ३१ ही कलमे स्वतःहून नमूद करतात आणि आपण त्यांखाली येतो हे ठाऊक असल्याचे लिहितात, म्हणजे कायद्याची भाषाही तिथे आहे. आणि इतके सारे लिहून झाल्यावर पत्राचा समारोप कसा होतो? ‘अध्यक्ष महोदय, माझ्या नितांत आदराची ग्वाही स्वीकारावी’ या अर्थाच्या, कोणत्याही सरकारी पत्राच्या शेवटी असतो तशा, ठरलेल्या वाक्याने.

हे शेवटचे वाक्य तुम्ही व्यावसायिक लेखनाच्या तासाला पाठ केले असेल. ते इथे कसे भाषांतरित कराल? केवळ ‘आपला विश्वासू’ लिहून चालणार नाही. राज्यसंस्थेवर इतका गंभीर आरोप करणारा माणूस शिष्टाचाराचे एकही पाऊल चुकवत नाही आणि त्यामुळेच त्याच्या शब्दांना धार येते. हे कळण्यासाठी नेहमीचे पत्र कसे असते ते आधी माहीत असावे लागते आणि मग त्या नेहमीच्या वाक्याला विशिष्ट जागी वेगळे वजन कसे मिळते ते वाचता यावे लागते. पहिली गोष्ट व्यावसायिक लेखन शिकवते, दुसरी साहित्य. त्याच समारोपाच्या आधी झोला ‘मला न्यायालयापुढे उभे करण्याचे धाडस करा’ असे आव्हान देतात आणि तिथे त्यांनी वापरलेले फ्रेंच क्रियापद ‘त्राद्युईर’ हेच आहे, ज्याचा तुम्ही पहिल्या वर्षापासून ‘भाषांतर करणे’ एवढाच अर्थ शिकला आहात. एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे हा त्याचा मूळ अर्थ, आणि न्यायालयापुढे नेणे हा कायद्यातला रूढ अर्थ. उद्या एखाद्या करारात हे क्रियापद समोर आले, तर तुम्ही अडखळणार नाही.

वृत्तपत्रातील मजकुराच्या भाषांतरावर माणसाचे आयुष्य कसे अवलंबून राहू शकते, हे आपल्याला दूर जाऊन शिकण्याची गरज नाही. १९०८मध्ये ‘केसरी’तील लेखांवरून लोकमान्य टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. ज्युरीला ते मराठी लेख समजून घ्यायचे होते ते इंग्रजी भाषांतरांवरून. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला, सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि अमुक मराठी शब्दाला तमुक इंग्रजी शब्द का योग्य नाही, यावर न्यायालयात वाद घातला. शिक्षा सहा वर्षांची झाली. माध्यम विश्लेषण हा पेपर ‘पेपर वाचण्यासारखा, सोपा पण निरुपयोगी’ आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून हा प्रसंग आठवला. संपादक एखादा शब्द का निवडतो आणि वाचकाला तो कसा ऐकू येतो, एवढेच त्या तासाला शिकवले जात असेल, तरी ते थोडे नाही.

या पेपरचा नोकरीतला उपयोग मला माझ्या एका चुकीने शिकवला. काम नवे होते आणि एका कार्यालयासाठी मी फ्रेंच बातम्यांचा रोजचा गोषवारा तयार करत असे. एका बातमीत मंत्र्याच्या राजीनाम्याविषयी ‘ओरे’ हे संकेतार्थी रूप होते. व्याकरणाच्या पुस्तकात त्याचा अर्थ ‘त्याने राजीनामा दिला असता’ असा शिकले होते आणि तो त्या जागी बसेना. म्हणून मी ‘राजीनामा दिला’ असे लिहून मोकळी झाले. गोषवारा पुढे गेला, त्यावरून कोणीतरी टिपण तयार केले आणि दोन दिवसांनी मंत्री त्याच पदावर असल्याचे सर्वांना दिसले. फ्रेंच पत्रकार हे रूप ‘आम्हाला असे कळले आहे, पण आम्ही खात्री केलेली नाही’ हे सांगण्यासाठी वापरतात. मराठी वर्तमानपत्रांनी त्यासाठी अगदी नेमका प्रयोग घडवलेला आहे: ‘राजीनामा दिल्याचे समजते’. ‘दिला’ आणि ‘दिल्याचे समजते’ यांतले अंतर मी मराठी वाचक म्हणून लहानपणापासून जाणत होते, पण फ्रेंच वाचताना ते शोधायचे असते हे मला कोणी सांगितले नव्हते. बँकेचा अहवाल असो, विमा कंपनीचे पत्र असो की औषधाच्या दुष्परिणामांची नोंद असो, खात्रीची ही पातळी चुकली तर बाकी सगळे शब्द बरोबर असूनही भाषांतर खोटे ठरते.

आणखी एक सवय त्या तासाला लावून घ्या. फ्रेंच बातमीत ‘एलिझे’ म्हणजे राष्ट्राध्यक्ष, ‘मातिन्यों’ म्हणजे पंतप्रधान, ‘बेर्सी’ म्हणजे अर्थमंत्रालय आणि ‘के दोर्से’ म्हणजे परराष्ट्र मंत्रालय, हे तुम्ही पाठ केले असेलच. ‘वर्षावर खलबते’ हा मथळा वाचताना मराठी वाचकाला बंगल्याचा नकाशा लागत नाही, तसेच हे. मात्र मराठी वाचकासाठी लिहिताना ‘बेर्सीने नकार दिला’ असे ठेवायचे, ‘फ्रेंच अर्थमंत्रालयाने’ असे लिहायचे की पहिल्या उल्लेखात दोन्ही द्यायचे, हा निर्णय तुमचा असतो आणि तो वाचक कोण आहे यावर ठरतो. एखाद्या संपाच्या दिवशी उजव्या विचारांचे ‘ल फिगारो’ आणि डाव्या विचारांचे ‘ल्युमानिते’ या दैनिकांच्या बातम्या शेजारी ठेवून वाचा. प्रवाशांना ‘ओलीस धरले’ आहे असे कोण म्हणते आणि कामगार ‘एकवटले’ आहेत असे कोण म्हणते, ते वेगळ्या रंगाने खुणा करून पाहा. त्यानंतर कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकातील ‘पुनर्रचना’ हा शब्द कोणाच्या तोंडचा आहे आणि त्याच घटनेला कामगार संघटना काय म्हणते, हे तुम्हाला आपोआप दिसू लागेल.

आता साहित्याकडे येते, कारण खरी अडचण तुम्हाला तिथेच आहे. पानाला पंचवीस शब्द अडतात, असे तुम्ही म्हणता. ते कोणते शब्द आहेत हे मात्र पत्रात नाही. माझा अंदाज असा की त्यांतले निम्मे शब्द वस्तूंचे, कपड्यांचे, दुकानांचे आणि व्यवहारांचे असतील. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच कादंबरी म्हणजे कोमल भावनांची भाषा, अशी समजूत असेल तर ती बाजूला ठेवा. बाल्झाक यांनी १८३७मध्ये एका सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या दिवाळखोरीवर अख्खी कादंबरी लिहिली आणि तिच्यात हुंड्या, धनको आणि दिवाळखोरीची कायदेशीर प्रक्रिया इतक्या तपशिलाने आली आहे की वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही ती अभ्यासावी लागेल. झोला यांनी खाणकामगारांवर लिहिण्यापूर्वी १८८४मध्ये उत्तर फ्रान्समधील खाणींच्या भागात जाऊन पाहणी केली आणि रेल्वेवर लिहिण्यासाठी ते १८८९मध्ये इंजिनावर उभे राहून पॅरिसपासून मांतपर्यंत गेले. कादंबरीआधी ते टिपणे काढत, माणसांना भेटत, त्या धंद्यातले शब्द गोळा करत. एखाद्या अपरिचित क्षेत्रातील मॅन्युअल हातात आल्यावर चांगला भाषांतरकार जे करतो, ते याहून वेगळे नसते.

तुमच्यासाठी तर मी एकच कादंबरी सुचवेन. झोला यांची १८८३ची ‘ओ बोनर दे दाम’ ही कादंबरी पॅरिसमधील एका भव्य कापड-भांडाराची गोष्ट आहे. त्यासाठी त्यांनी ‘बों मार्शे’सारख्या तेव्हाच्या मोठ्या दुकानांत जाऊन टिपणे काढली होती. लहान गावातून आलेली नायिका समोरच्या झगमगत्या दुकानात नोकरीला लागते आणि रस्त्याच्या पलीकडे तिच्या काकांचे जुने, अंधारे कापडाचे दुकान हळूहळू गिऱ्हाईक गमावत जाते. त्या कादंबरीत परत येणाऱ्या मालाची पद्धत आहे, विक्रेत्याला मिळणाऱ्या टक्केवारीसाठी ‘गेल्त’ असा धंद्यातला खास शब्द आहे, पांढऱ्या कापडाचा मोठा विक्री-सोहळा आहे, कमी नफा ठेवून माल झपाट्याने फिरवण्याचे गणित आहे. या प्रत्येक गोष्टीला मराठीत काय म्हणतात हे तुमच्या वर्गात कदाचित तुम्हालाच सर्वांत चांगले ठाऊक असेल, कारण तुम्ही ताका, पन्हा, कटपीस, उधारी आणि पडून राहिलेला माल हे शब्द ऐकतच वाढला आहात. कापडाच्या संदर्भात फ्रेंचमध्ये ‘कूपों’ म्हणजे सवलतीची चिठ्ठी नव्हे, तर ताक्याचा उरलेला तुकडा. शब्दकोशाला ‘उरलेला तुकडा’ एवढेच माहीत असते. तुम्हाला ‘कटपीस’ माहीत आहे. फ्रेंच साहित्य आपल्या जगापासून फार दूर आहे, असे तुमच्या पत्राच्या सुरात जाणवते. मला तसे वाटत नाही.

वाचण्याची रीत मात्र बदला. पहिल्या वाचनात शब्दकोश उघडायचा नाही. प्रकरण संपेपर्यंत फक्त पेन्सिलने खूण करायची. दुसऱ्या वाचनात त्यांतले तेच शब्द पाहायचे, ज्यांच्यामुळे वाक्याचा अर्थ किंवा पात्राविषयीचे मत बदलते; असे शब्द पानाला चार-पाचच निघतात. ते फ्रेंच-इंग्रजी कोशात न पाहता फ्रेंच-फ्रेंच कोशात पाहा. ‘त्रेझोर द ला लांग फ्रांसेझ’ हा मोठा कोश इंटरनेटवर विनामूल्य आहे आणि त्यात प्रत्येक अर्थासोबत उदाहरणे आहेत. इंग्रजीतून फ्रेंचकडे जाणे ही आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी खोड आहे, असे मला फार तळमळीने सांगावेसे वाटते. ‘एव्हाँत्युएलमाँ’ हा शब्द इंग्रजी ‘इव्हेंच्युअली’सारखा दिसतो म्हणून ‘अखेरीस’ असे लिहिले जाते, जेव्हा त्याचा अर्थ ‘गरज पडल्यास’ किंवा ‘कदाचित’ असा असतो. ‘देले’ म्हणजे इंग्रजी ‘डिले’सारखा विलंब नव्हे, तर दिलेली मुदत. करारात मुदत आणि विलंब यांची अदलाबदल झाली, तर पुरवठादार वेळेवर माल देऊनही दोषी ठरेल.

साहित्याने दिलेले दुसरे शिक्षण आवाजाचे. कादंबरीकार फ्लोबेर यांच्यावर १८५७मध्ये ‘मादाम बोव्हारी’ या कादंबरीतील अनैतिकतेबद्दल खटला झाला. त्यांच्या लेखनात पात्राच्या मनातले शब्द निवेदकाच्या वाक्यात, कोणतेही अवतरणचिन्ह न देता, मिसळलेले असतात, आणि सरकारी वकिलाने नायिकेच्या मनातला आनंद लेखकाचेच मत म्हणून वाचला. लेखक निर्दोष सुटला. हे वाक्य कोणाचे, हा प्रश्न मात्र प्रत्येक भाषांतरकाराकडे रोज येतो. एखाद्या संस्थेच्या वार्षिक अहवालात ‘ग्राहकांच्या अपेक्षा पूर्ण झाल्या’ हे वाक्य संचालकाचे आहे की पाहणीत सांगितलेले ग्राहकांचे, हे ठरवताना तीच नजर लागते. शिवाय फ्रेंचमधील ‘त्यु’ (तू) आणि ‘व्हू’ (तुम्ही) यांतला फरक पाहा. इंग्रजीत तो पुसला जातो, मराठीत मात्र ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आहेत. दोन पात्रे एकमेकांना ‘व्हू’ म्हणता म्हणता कोणत्या पानावर ‘त्यु’वर येतात, हे कादंबरीत टिपायची सवय लागली की ग्राहकाला लिहिलेल्या पत्रात ‘तुम्ही’ ठेवायचे की ‘आपण’, हे तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाही.

मग व्यावसायिक लेखन सोडायला का सांगते? त्याचे महत्त्व कमी आहे म्हणून नव्हे. विने आणि दार्बेल्ने या दोन भाषातज्ज्ञांच्या १९५८च्या ग्रंथाची सुरुवातच रस्त्यावरच्या पाट्यांपासून होते. न्यूयॉर्कहून मॉन्ट्रियलकडे जाताना कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्युबेक प्रांतात ‘लांतमाँ’, म्हणजे ‘हळू’, अशी पाटी दिसते आणि ती फ्रेंच शब्दांत लिहिलेली इंग्रजी पाटी आहे, कारण फ्रान्समध्ये वाहनचालकाला ‘वेग कमी करा’ या अर्थाच्या क्रियापदाने सांगितले जाते. मजकुराच्या प्रत्येक प्रकाराचे असे स्वतःचे वळण असते आणि ते शिकावेच लागते. पण ते वळण नमुन्यांतून शिकता येते आणि नोकरीचे पहिले वर्ष ते तुमच्याकडून घटवूनच घेते: सभेचा वृत्तान्त, स्मरणपत्र, तक्रारीला उत्तर, निविदा. आकड्यांचेही तसेच. फ्रेंचमध्ये स्वल्पविराम दशांशासाठी असतो, म्हणून ३,५०० हा आकडा तिथे साडेतीन असतो. ‘मिल्यार’ म्हणजे आपले १०० कोटी, आणि ‘बिल्यों’ म्हणजे १ लाख कोटी, इंग्रजी बिलियन नव्हे. हे एका संध्याकाळी शिकून होते. झोला कसा वाचायचा हे मात्र कोणतीही कंपनी तुम्हाला पगारी वेळेत शिकवणार नाही आणि पुढे घरी बसून एकटीने ते शिकायला फारच थोड्यांना सवड मिळते. एक गोष्ट मात्र त्या पेपरमधून स्वतःसाठी ठेवा: दोन-तीन लेखांवरून एकच सुसंगत संक्षेप लिहिण्याचा सराव, ज्यात स्वतःचे मत येऊ द्यायचे नाही आणि मूळची वाक्ये उचलायची नाहीत. बी टूच्या पुढच्या, सी वन पातळीच्या परीक्षेसाठी तो उपयोगी आहेच, आणि भाषांतरकाराची समज जोखण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

तुमच्या पत्रात एका विषयाचा उल्लेखच नाही, आणि त्याचीच मला सर्वांत अधिक काळजी वाटते. तुम्ही कोणत्या भाषेत भाषांतर करणार आहात? भाषांतरकाराला मोबदला मिळतो तो त्याने लिहिलेल्या मजकुराचा, वाचलेल्या नव्हे. पुण्यातले बहुतेक काम फ्रेंचमधून इंग्रजीत होते, आणि म्हणून फ्रेंच शिकणारे विद्यार्थी मराठी लिहिणे बारावीनंतर थांबवतात, तर इंग्रजी कार्यालयीन ईमेलपुरतेच लिहितात. दोन्ही बाजूंनी अर्धवट भाषा घेऊन या व्यवसायात टिकता येत नाही. तुमचे मराठी तुमच्या पत्रावरून चांगले, नेमके आणि मोकळे आहे. ते वापरात ठेवा. फ्रेंच नाटककार मोल्येर यांचे १६६०चे एक प्रहसन आर्थर मर्फी यांच्या इंग्रजी रूपांतरामार्गे आपल्याकडे आले आणि देवलांच्या हातून त्याचे ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. ते नाटक आपल्याला आपलेच वाटते हे देवलांच्या मराठीचे सामर्थ्य. पण फ्रेंच ते मराठी ही वाट बहुतेकदा इंग्रजीच्या दारातूनच गेली आहे, आणि थेट जाऊ शकणारी माणसे आजही मोजकी आहेत. त्या कामावर पोट भरेल असे आश्वासन मी देणार नाही. ते करू शकणाऱ्या व्यक्तीचे इंग्रजी भाषांतरही सुधारते, एवढे मात्र पाहिले आहे.

यंत्राच्या भीतीविषयी थोडक्यात लिहिते. साधा, एकसुरी मजकूर यंत्र आता वेगाने आणि बऱ्यापैकी करते आणि ते काम भाषांतरकाराकडे पूर्वीच्या स्वरूपात परत येणार नाही, हे मान्य केले पाहिजे. यंत्राचा मजकूर तपासून दुरुस्त करण्याच्या कामासाठी २०१७मध्ये आयएसओ १८५८७ हे स्वतंत्र मानकही आले. पण तपासणाऱ्याला काय दिसावे लागते? यंत्राचे वाक्य गुळगुळीत असते, म्हणूनच चूक लपते. कुठे ‘दिल्याचे समजते’चे नुसते ‘दिला’ झाले, कुठे एकाच पत्रात ‘तुम्ही’ आणि ‘तू’ दोन्ही आले, कुठे संस्थेचा दावा वस्तुस्थिती म्हणून उतरला, हे ज्याने मूळ मजकूर कान देऊन वाचला आहे त्यालाच पकडता येते. ही भीती मनात ठेवण्यापेक्षा तपासून पाहा: आठवड्यातून एकदा एका फ्रेंच बातमीचे आणि कादंबरीतल्या एका संवादाचे यंत्राकडून मराठी करून घ्या आणि फक्त अर्थाच्या चुका लाल शाईने दाखवा. महिनाभराने आपण कशात कमी पडतो आणि यंत्र कशात, याची तुमची स्वतःची वही तयार होईल.

राहिला नोकरीचा प्रश्न. घरची आर्थिक निकड असेल तर नोकरी घेण्यात काहीच कमीपणा नाही, आणि फ्रेंच ग्राहकांच्या तक्रारी रोज ऐकणे हे भाषेचे उत्तम शिक्षण आहे. पण निकड नसताना, केवळ पदवीचा उपयोग होणार नाही या भीतीने एम.ए. सोडू नका. भाषांतर सेवांचे आयएसओ १७१०० हे २०१५चे मानक भाषांतरकाराकडे भाषांतराची पदवी, किंवा अन्य पदवी आणि पूर्णवेळ कामाचा दोन वर्षांचा अनुभव, किंवा पदवीशिवाय पाच वर्षांचा अनुभव मागते. तक्रारी हाताळण्याचा अनुभव यात भाषांतर म्हणून धरला जाईलच असे नाही. तेच मानक दुसऱ्या व्यक्तीने भाषांतर तपासणे बंधनकारक करते, म्हणून आतापासून एक तपासणारी मैत्रीण शोधा आणि तिचे काम तुम्ही तपासा. कंपनीला एकच प्रश्न विचारा: सहा महिन्यांनी लेखी भाषांतराचे काम मिळेल का, आणि तसे लिहून मिळेल का? होकार मिळाला आणि वर्गांच्या वेळा जुळल्या, तर दोन्ही करा. नाही मिळाला, तर आणखी तीन सत्रे थांबा. हा हिशेब वडिलांसमोर आकड्यांनिशी मांडा. दुकान चालवणाऱ्या माणसाला गुंतवणूक आणि मुदत या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

पत्रातल्यासारख्याच अडचणीत असलेल्या इतर विद्यार्थ्यांनीही एवढे करून पाहावे. रोज एक फ्रेंच बातमी वाचून तिचा शंभर शब्दांत मराठी गोषवारा लिहावा आणि प्रत्येक विधानासमोर ते कोणाचे आहे याची नोंद करावी. शब्दांच्या जोड्या पाठ करण्याऐवजी पूर्ण वाक्य, त्याचा स्रोत आणि तारीख वहीत उतरवावी. पारिभाषिक शब्दासाठी क्युबेकचा विनामूल्य मोठा परिभाषा-कोश आणि आपल्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश दोन्ही पाहावेत, आणि त्यानंतर त्या धंद्यातल्या माणसाला तो शब्द खरोखर वापरात आहे का, हे विचारावे.

तुम्हाला विचारायला दूर जावे लागणार नाही. दिवाळीत दुकानात गर्दी असते, म्हणून त्यानंतरच्या एखाद्या निवांत दुपारी कादंबरीतील परत आलेल्या मालाचा उतारा तोंडी मराठीत सांगून वडिलांना ऐकवा. कुठला शब्द ऐकून ते ‘आम्ही असे म्हणत नाही’ म्हणतात, ते वहीत लिहून घ्या, आणि ते काय म्हणतात ते त्याच्या शेजारी लिहा.